होडी, खेकडे आणि काकांचा रेकॉर्ड

जरा डोळ्यांसमोर आणा पाहू. एक उंच लाकडी पेटी आहे, तुमच्या वडिलांच्या उंचीची. तिच्या छातीवर तिरकी काच आणि काचेमागे पडदा. पडद्याखाली छोटासा कट्टा, त्यावर लाल गोळ्याची एक दांडी आणि शेजारी दोन गोल बटणं, एक पिवळं, एक निळं. दांडी अशी, की बघताक्षणी हात शिवशिवायला लागावेत. आली डोळ्यांसमोर? छान. आता हात पुढे करा.

हां हां! हात मागे! पेटीभोवती दोरी बांधली आहे, दिसत नाही का? आणि दोरीला पाटी लटकते आहे: ‘कृपया स्पर्श करू नये.’

तुम्ही म्हणाल, खेळायची पेटी आणि हात लावायचा नाही? हा कसला खेळ? भिंगरीलाही नेमका हाच प्रश्न पडला होता. फरक एवढाच, की तुम्ही तो मनात विचारलात आणि भिंगरीने मोठ्याने विचारला.

भिंगरी दहा वर्षांची होती. एका जागी स्वस्थ बसणं तिला माहीतच नव्हतं, म्हणून घरातल्यांनी तिला हे नाव ठेवलं होतं. तिच्या घरातल्या फरश्या उखडून नव्या बसवायचं काम चाललं होतं. घरभर धूळ आणि सिमेंट, पाय ठेवायला जागा नाही, म्हणून आईबाबांनी तिला काकांकडे धाडलं होतं. नव्या फरश्याही काकांच्याच दुकानातल्या होत्या. काका न्हाणीघराच्या, जिन्याच्या, ओट्याच्या, सगळ्या तऱ्हेच्या फरश्या विकत आणि त्यांचं घर दुकानाच्या वरच होतं. दुकानामागे एक लांबट खोली होती. पूर्वी तिथे न खपलेल्या फरश्यांच्या थप्प्या असत. आता तिथे काकांचं ‘दालन’ होतं.

दालन म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमचं संग्रहालय. भिंतीवर फळ्या आणि फळ्यांवर टीव्हीला जोडायचे जुने गेम, एकेक पारदर्शक डब्यात बंद. ज्या गेमचं खोकं कधी उघडलंच नाही, तो सर्वांत वरच्या फळीवर. ज्याच्याशी कुणा मुलाने कधीकाळी मनसोक्त खेळून त्याची बटणं गुळगुळीत केली होती, तो बिचारा सर्वांत खाली, तोंड भिंतीकडे करून. खेळ जितका कमी खेळलेला तितका त्याचा मान मोठा, असा इथला कायदा. आणि मधोमध, दोरीच्या आत, ती मोठी पेटी.

रविवारी दुपारी काकांचे दोस्त जमत. एक दातांचे डॉक्टर आणि एक विमेवाला. दोघांच्याही बनियनवर चौकोनी ठिपक्यांचं रॉकेट छापलेलं असे आणि दोघांच्याही पोटामुळे ते रॉकेट जरा फुगलेलं दिसे. तिघांनी मिळून स्वतःला ‘अस्सल मंडळ’ असं नाव दिलं होतं.

“दांडीतली स्प्रिंग मूळचीच आहे ना रे?” डॉक्टर दोरीवरून वाकून विचारत.

“मूळची म्हणजे! हलवली की अजून टक्‌टक् वाजते.”

“ऐकव ना एकदा.”

“वेडबिड लागलंय का? झिजेल!”

मग तिघे न वाजलेल्या टक्‌टक्‌बद्दल अर्धा तास बोलत. विमेवाला मोबाइलवर त्या दांडीचे फोटो काढी, वरून, खालून, बाजूने. हे सगळं करून झाल्यावर मंडळी खुर्च्यांवर टेकत, चहा पीत आणि आजकालच्या मुलांची कीव करत. हा त्यांचा सर्वांत आवडता खेळ होता आणि यात मात्र तिघेही पटाईत होते.

“काय गं भिंगरे,” काका म्हणत, “तुमच्या मोबाइलच्या खेळात काय दम असतो? मेलं की पुन्हा जिवंत. पुन्हा मेलं की पुन्हा जिवंत. लाडोबा सगळे! आमच्या वेळी तीन जीव म्हणजे तीनच जीव. चौथा मागायची सोय नव्हती.”

“बरोबर!” डॉक्टर म्हणत. “त्याने माणूस घडतो.”

तिघे घडलेले पुरुष माना डोलवत.

“मग मी खेळून घडू का?” भिंगरीने पहिल्याच रविवारी विचारलं.

तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने चहात मीठ टाकलं होतं. विमेवाल्याने काकांकडे पाहिलं. काकांनी पेटीच्या पडद्याकडे बोट केलं.

“ते बघ. काय दिसतंय?”

पडद्यावर नावांचा तक्ता होता. सर्वांत वर काकांच्या नावाची तीन अक्षरं आणि पुढे भलामोठा आकडा.

“तो माझा रेकॉर्ड,” काका म्हणाले. “ही पेटी जुनी आहे. तिला बंद केलं की रेकॉर्ड विसरते. म्हणून मी तिला बंदच करत नाही. वर्ष उलटून गेलं, दिवसरात्र चालू आहे! आणि आत एक बारकी कळ आहे, ती ओढली की पडदा आहे तिथे थिजतो. म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला चोवीस तास रेकॉर्ड दिसतो. आता तू खेळायचं म्हणजे पडदा सोडवायचा. त्यात काही बिघडलं, बाई, तर?”

“पण मग खेळतं कोण?”

“अगं, खेळायचं काय त्यात? रेकॉर्ड झालाय ना!”

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. ते पाहून काकांना थोडं वाईट वाटलं असावं, कारण ते म्हणाले, “बरं, बरं. घरी जाण्याआधी एक डाव. नक्की. शब्द दिला.”

झालं! त्या दिवसापासून भिंगरीच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. बुटांच्या खोक्याच्या झाकणावर तिने बटणं रंगवली, मधोमध पेन्सिल खोचली आणि जेवतानासुद्धा ती मांडीवर घेऊन बसू लागली.

“हे काय आता?” काकूने विचारलं.

“सराव. काका मला एक डाव देणार आहेत. पण खेळ कसा असतो तेच मला ठाऊक नाही. पडदा तर थिजलेला.”

काकूने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. काकूचं हे असं होतं, फडकं खांद्यावर गेलं की समजायचं, आता काकू काहीतरी बोलणार आणि ते काकांना झोंबणार.

“तुझे काका डाव देणार? त्यांनी मला लग्नापासून एकदा तरी दिलाय का विचार.” आणि तिने ओट्याखालचा खण ओढला. आत मेणबत्त्या, सुतळीचं रीळ, फुटकी चाळणी आणि त्या सगळ्याखालून तिने एक पिवळट पडलेला, कोपरा उडालेला, तारांच्या गुंत्यातला गेम बाहेर काढला. “हा घे. तोच खेळ. काकांनी टाकून दिला होता, नक्कल आहे म्हणून.”

“नक्कल म्हणजे?”

“म्हणजे दुसऱ्या कुणीतरी बनवलाय. खेळायला लागलं की खेकड्यांना ते काही कळत नाही.”

स्वयंपाकघरातल्या लहानशा, पाठीला कुबड असलेल्या टीव्हीला काकूने तारा जोडल्या. टीव्हीच्या डोक्यावर एक चापट दिली आणि चित्र उमटलं. तळाशी एक छोटी होडी. वरून खेकड्यांच्या रांगा डावीकडे-उजवीकडे सरकत खाली येतात. होडीने बुडबुडे सोडून त्यांना फोडायचं. बस्स, एवढाच खेळ! आणि एवढ्याशा त्या खेळात भिंगरीची जीभ बाहेर आली, पाय खुर्चीवर गेले आणि पहिल्या डावात तिची होडी कधी बुडाली ते तिला कळलंसुद्धा नाही.

“हो बाजूला,” काकू म्हणाली. “बघ. खेकडा कडेला टेकला की एक पायरी खाली उतरतो. तेव्हा त्याच्या खाली उभं राहायचं नाही, गं बाई, कितीदा सांगू! पळ! पळ की! अरे मेल्या, माझ्याच डोक्यावर!”

कुकर शिट्ट्या देत राहिला आणि काकू कितवी शिट्टी ते विसरली. त्या दिवशीचं जेवण थोडं करपलेलं होतं. काकांनी विचारलं तेव्हा दोघी एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या.

मग रोज दुपारी हाच उद्योग. निळं बटण अडकायचं, ते नखाने उचकटावं लागे. दोघी ओरडत, एकमेकींना ढकलत, हरल्यावर तारेला दोष देत. खाली दालनात लाखमोलाच्या वस्तू धूळ न बसता गप्प बसून होत्या आणि वर एका टाकून दिलेल्या डबड्याने घर डोक्यावर घेतलं होतं.

“काकू, तू काकांचा रेकॉर्ड मोडशील,” भिंगरी एकदा म्हणाली.

“मोडायला कुणी देतंय का? एकट्यानेच धावायचं आणि पहिला नंबर मिरवायचा, अशी त्यांची शर्यत.”

बघता बघता शेवटचा रविवार आला. भिंगरीच्या घरच्या फरश्या बसून झाल्या होत्या आणि संध्याकाळी बाबा तिला न्यायला येणार होते. सकाळी दात घासतानाच तिने काकांना गाठलं.

“काका, आज माझा डाव.”

“आज? अगं, आज तर परीक्षक येणार!”

परीक्षक म्हणजे अशा संग्रहवाल्यांच्या एका मोठ्या मंडळाचे बडे गृहस्थ. ते घरोघर जाऊन पेट्या तपासत आणि पसंत पडलेल्या पेटीच्या मालकाला ‘विजेता’ असा पितळी फलक देत. काकांनी फलकासाठी भिंतीला खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

“ते गेल्यावर?”

“फलक लागल्यावर तर मुळीच नाही. मग ती विजेत्याची पेटी होईल, भिंगरे. तिला हात कसा लावायचा?”

“पण तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता ना,” काका आरशात केस बसवत म्हणाले. “तो काही मी परत घेतला नाही. पुढच्या वेळी.”

भिंगरी ब्रश तोंडात धरून तशीच उभी राहिली. ज्याला कुणी मोठ्या माणसाने कधी ‘पुढच्या वेळी’ म्हटलं आहे, त्याला ते का, हे सांगायला नको.

दुपारी काकांनी दालन लखलखीत केलं. फळ्यांवरचे दिवे, छताचे दिवे, दुकानातल्या फरश्यांवर मारायचे दोन मोठे झोताचे दिवे, खोली थंड करायचं यंत्र, सगळं एकदम चालू.

“अहो, ही गोदामाची वायर आहे,” काकू दारातून म्हणाली. “इतकं ओझं तिला पेलायचं नाही. निदान ते झोत तरी बंद करा.”

“तुला यातलं काही कळत नाही. वातावरण लागतं!”

“बरं. वातावरण सांभाळा.” फडकं खांद्यावर गेलं.

परीक्षक आले. पांढरे हातमोजे, गळ्यात भिंग. त्यांनी पेटीच्या स्क्रूंची डोकी भिंगातून पाहिली. मागची पट्टी हुंगली. होय, हुंगली! “जुन्या गोंदाचा वास अस्सल आहे,” ते म्हणाले आणि डॉक्टरांनी डोळे मिटून तो वास दुरूनच घेतला.

“रेकॉर्ड केव्हाचा?” परीक्षकांनी विचारलं.

“वर्षापूर्वीचा. तेव्हापासून पेटीला कुणी बोटही लावलेलं नाही!”

“वा! हीच खरी निष्ठा.”

“तुम्ही खेळून बघणार नाही का?” भिंगरीने विचारलं.

परीक्षक खाली वाकून कनवाळूपणे हसले. “बाळ, खेळतात ती मुलं. आम्ही जपतो.”

त्यांनी पिशवीतून फलक काढला. फोटो हवा म्हणून विमेवाल्याने खोली थंड करणाऱ्या यंत्राचा जोर वाढवला, कारण विजेत्याच्या कपाळावर घाम बरा दिसत नाही. आणि भिंतीतून फट्ट असा आवाज झाला.

सगळे दिवे गेले. यंत्राची घरघर थांबली. पेटीचा पडदा मिटला, वर्षभरात पहिल्यांदाच.

खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, त्यामुळे काकांचा चेहरा सगळ्यांना नीट दिसला. कोपरा उडालेल्या फरशीसारखा तो दिसत होता.

“गेला,” ते पुटपुटले. “माझा रेकॉर्ड गेला.”

“कुठे गेलाय?” भिंगरी म्हणाली. “हा काय, आहे की!”

सगळे वळले. पडदा बंद होता, वीज नव्हती आणि तरीही काळ्या काचेवर काकांची तीन अक्षरं आणि तो भलामोठा आकडा फिकट तपकिरी दिसत होता. पुसट, पण अगदी स्पष्ट वाचता येणारा.

“चमत्कार!” विमेवाला ओरडला आणि त्याने फोटो काढला.

परीक्षकांनी भिंग लावलं. मग त्यांनी हातमोजे काढायला सुरुवात केली, एकेक बोट सावकाश. ते पाहून डॉक्टर हळूच दोन पावलं मागे सरकले.

“पडदा जळालाय,” परीक्षक म्हणाले. “जुन्या काचेवर एकच चित्र वर्षभर उभं ठेवलंत. ते आतून कायमचं भाजलं गेलंय. आता या पेटीवर काहीही लावा, त्यावर तुमचं नाव दिसत राहणार. ही आता संग्रहाच्या लायकीची नाही.”

“पण मी तर जपली होती!” काका कळवळून म्हणाले.

“हो ना. खेळत राहिला असतात तर चित्र हलतं राहिलं असतं.” एवढं बोलून परीक्षकांनी फलक पिशवीत घातला आणि चहा न घेताच ते निघाले. अस्सल मंडळाची निष्ठाही फार टिकली नाही. डॉक्टरांना एका दाढेची आठवण झाली आणि विमेवाल्याला कुणाचा तरी फोन आला, जो वाजलेला कुणी ऐकला नाही.

काकूने झोत आणि यंत्र बंद केलं, फ्यूज बदलला आणि वीज आली. पेटी किणकिणली, पण पडदा सुरुवातीलाच थिजला. ती बारकी कळ अजून ओढलेली होती ना! काकांनी जड हातांनी पेटीचं मागचं दार उघडून कळ सोडवली. संगीत सुरू झालं. खेकडे रांगेने सरकू लागले, होडी आपोआप पळू लागली आणि त्या सगळ्यांवर, पावसाळी ढगासारखी, काकांची तीन अक्षरं पसरली होती. मग तक्ता आला. रेकॉर्ड नव्हता. सगळीकडे कारखान्याने भरलेले लहानसहान आकडे होते.

“भंगारवाल्याला बोलवा,” काका खुर्चीत बसत म्हणाले. “मेली ती.”

भिंगरीने दोरीखालून मान घातली. “काका, कोपऱ्यात छोट्या होड्या आहेत ना, तेच जीव ना?”

“हं.”

“मग इथे पाच का आहेत? तुम्ही तर म्हणालात, तीन म्हणजे तीनच.”

काका खोकले. खोकत खोकतच त्यांनी छताकडे पाहिलं, जणू उत्तर तिथे लिहिलेलं असावं.

“ते... आत दुसरी एक कळ असते. ती जरा... सोयीची करून घेतली होती.”

“सोयीची!” काकू म्हणाली. “आणि खोलीचं दार आतून लावून खेळत होतात, तेही सांगा. लाडोबा!”

भिंगरी मात्र हसली नाही. बाबा कधीही येतील हे तिला माहीत होतं. “तीन करा ना,” ती म्हणाली. “दार उघडं आहे तोवर.”

“आता कशाला? रेकॉर्ड गेला, पडदा गेला.”

“दांडी आहे ना?”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच ते पेटीकडे न पाहता तिच्याकडे पाहत होते. मग त्यांनी हात आत घालून दुसरी कळ खाली केली. कोपऱ्यात तीन होड्या उरल्या.

भिंगरीने फरश्यांचं एक रिकामं खोकं ओढलं, पालथं घातलं आणि त्यावर चढली. लाल गोळा मुठीत घेतला. टक्, टक्. केवढा छान आवाज होता तो, आणि वर्षभर मुका ठेवलेला! खेकडे उतरू लागले. काकांच्या नावामागे ते दिसेनासे होत, मग भलतीकडूनच बाहेर येत. पहिली होडी तशीच बुडाली. दुसऱ्या वेळी भिंगरीच्या लक्षात आलं, की शून्यांच्या आड खेकडा किती वेळ राहतो ते मोजता येतं. ती बुडबुडा आधीच सोडू लागली.

“कडेला! कडेला टेकलाय!” काकू ओरडली. “खालून पळ!”

“अगं, डावीकडे!” कुणीतरी दुसरंही ओरडलं. ते काका होते. खुर्चीतून ते कधी उठले ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

तिसरी होडी बुडाली तेव्हा भिंगरीचा आकडा तक्त्यावर सर्वांत वर होता. कारखान्याच्या लहानसहान आकड्यांच्या वर हे खरं, पण वर होता. पेटीने नावाची तीन अक्षरं मागितली. तिने ती एकेक करून भरली.

बाहेर बाबांच्या गाडीचा भोंगा वाजला.

“थांब, थांब!” काका घाईने म्हणाले. त्यांचे डोळे पुन्हा चमकले होते आणि हात मागच्या दाराकडे, त्या थिजवणाऱ्या कळीकडे निघाला होता. “तुझा रेकॉर्ड आहे हा! हलू देऊ नकोस. मी आत्ता असाच ठेवतो...”

भिंगरी खोक्यावरून उतरली. वाकून तिने भिंतीपाशी हात घातला आणि पेटीचा खटका बंद केला. पडदा मिटला. तिने खटका पुन्हा चालू केला, पेटी किणकिणून जागी झाली आणि तक्त्यावरून तिचं नाव पार पुसलं गेलं. मग तिने दोरीची गाठ सोडली, पाटीसकट दोरी काकांच्या हातात दिली आणि खोकं पायाने बाजूला सारलं.

“ये काकू,” ती म्हणाली. “आता तुझा डाव.”